हलव्याच्या काट्याची कहाणी

ऐका संक्रांतबाई, तुमची कहाणी. हातात चार तीळ घ्या गं बायांनो, आणि नीट मांडी घालून बसा. त्या दाराशी कुजबुजणाऱ्या दोघी, तुम्हीसुद्धा. कोणाच्या सुनेनं काय केलं ते मागाहून सांगा. आधी मथुरेनं काय केलं ते ऐका.

नगर होतं, आटपाट होतं. नगराला वेस होती, आत राजा होता, राणी होती, आणि अगदी शेवटच्या गल्लीत दोन खणांचं एक घर होतं. त्या घरात दोन भाऊ राहत. थोरला बैलांवर मीठ लादून बाजारोबाजार जाई. धाकटा घरचं एवढंसं वावर बघे. थोरल्याची बायको मथुरा. तिला सासू नाही, सासरा नाही, माहेर नदीपलीकडे दूर. नवरा परगावी, दीर रानात. दिवसभर घरात कोण? मथुरा आणि तिची चूल.

मग पौष आला. थंडी पडली. संक्रांत जवळ आली. गल्लीतल्या बायका सुगडं आणू लागल्या, वाण जमवू लागल्या. कोणी आरसे घेतले, कोणी फण्या घेतल्या, कोणी खण घेतले. मथुरेनं घर धुंडाळलं. मडक्यात मूठभर तीळ निघाले, पुडीत ओंजळभर साखर निघाली. आणखी काही निघालं नाही. आता एवढ्यात कोणाला काय द्यावं?

तरी ती लुगडं झटकून निघाली. पहिल्या घरापाशी गेली, तिथं आरशांचा ढीग पाहिला, परत फिरली. दुसऱ्या घरापाशी गेली, तिथं फण्यांचा ढीग पाहिला, परत फिरली. तिसऱ्या घरापाशी गेली, तिथं तर घरधनीण दारातच उभी होती. म्हणाली, "काय गं, काही हवंय का?" बघा हं बायांनो, सणाच्या दिवसांत बाई दारात आली तर 'ये, बस' म्हणायचं की 'काही हवंय का' म्हणायचं? मथुरा म्हणाली, "काही नको." घरी आली. चुलीपुढं बसली. रडू लागली.

तों दारात एक म्हातारी आली. डोईचे केस पांढरे, अंगावर काळं लुगडं, हातात काठी. म्हणाली, "बाई गं, हात गारठले. शेगडीत चार निखारे घाल." मथुरेनं निखारे घातले. म्हातारी शेकत बसली. म्हणाली, "का रडतेस?"

"आजी, संक्रांत आली. माझ्या घरात द्यायला काही नाही. द्यायला काही नाही म्हणून मी कोणाकडे जात नाही. मी जात नाही म्हणून माझ्याकडे कोणी येत नाही. दिवसचे दिवस माझा आवाज माझ्या कानावर पडत नाही."

"तीळ आहेत?"

"मूठभर."

"साखर?"

"ओंजळभर."

"दोन हात आहेत ना? मग काय कमी आहे! मी तुला वाण सांगते. पण सांगून उपयोग काय? तू उतशील, मातशील, घेतलेलं टाकून देशील."

"उतत नाही, मातत नाही, टाकत नाही. सांगा."

मग म्हातारीनं सांगितलं. पौषाच्या थंडीत पहाटे उठावं, अंघोळ करावी. शेगडीत थोडे निखारे घ्यावे, त्यांना वारा घालू नये. वर परात ठेवावी, परातीत तीळ घालावे. साखरेचा पाक करावा, त्यावरची मळी काढावी. एक चमचा पाक तिळांवर सोडावा आणि बोटांनी फिरवत राहावं. कालथा घेऊ नये, उलथनं घेऊ नये. तो चमचा सुकला की दुसरा, दुसरा सुकला की तिसरा. परातीला साखर लागली तर पुसून घ्यावी. बोटं भाजतील, भाजू द्यावी. घाई करू नये. मग थंडीत एक दिवस दाण्याला काटा फुटेल. हलवा झाला म्हणून समजावं. "आणि द्यायचा कसा, ते नीट ऐक. आपल्या हातानं द्यायचा. आधी घरच्याला द्यायचा, मग गावाला द्यायचा. एवढाच वसा."

"आणि ह्याचं उद्यापन काय?"

"ह्याला उद्यापन नाही. माणसं आहेत तोवर करायचं." म्हातारी उठली, काठी टेकत गेली. कोण होती ती? तुम्हीच ओळखा. मी नाही सांगायची.

मथुरेनं दुसऱ्या पहाटेपासून शेगडी मांडली. पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे झाले. दुसऱ्या दिवशी तीळ फुगले. तिसऱ्या दिवशी बोटांची कातडी लाल झाली, पाणी लागलं तरी चुणचुणू लागली, पण काट्याचा पत्ता नाही. मथुरा म्हणाली, "म्हातारीनं सांगितलं, घाई करू नये." ती तशीच फिरवत बसली. मग एका पहाटे उजाडताना परातीकडे बघते तों काय! एकेक दाणा पांढराशुभ्र, आणि दाण्यादाण्यावर काटा. मथुरा एकटीच हसली.

संक्रांत उजाडली. नवरा सणाला घरी आला होता. तिनं आधी त्याच्या हातावर दाणे ठेवले, मग दिराच्या हातावर ठेवले, मग वाटी घेऊन गल्लीत निघाली. "तिळगूळ घ्या, गोड बोला." पहिल्या घरी गेली, घरधनीण म्हणाली, "अगं बाई, हा काटा कसा आणलास? बस, सांग." दुसऱ्या घरी गेली, तिथंही बसवून घेतलं. तिसऱ्या घरी गेली, तिथं तर गूळपाणी दिलं. आरसे आणि फण्या ज्याच्या त्याच्या कोनाड्यात पडून राहिल्या, आणि गाव मथुरेच्या हलव्याचं बोलू लागलं. तिच्या दारात पावलं वाजू लागली.

पुढल्या साली नवल झालं. ज्या घरात नवी सून, त्या घरातून मथुरेला बोलावणं येऊ लागलं. तुम्हांला ठाऊकच आहे, नव्या नवरीची पहिली संक्रांत म्हणजे काळी चंद्रकळा आणि वर हलव्याचे दागिने. गळ्यात हार, दंडाला बाजूबंद, कपाळावर बिंदी, सगळं साखरेचं. मथुरा दाणे काढी, दोऱ्यात ओवी, सुनांना नटवी. घरात धान्य आलं, दुभतं आलं, बैल वाढले. दोन खणांच्या घराला माडी चढली.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. वेणू घरात आली. वेणू म्हणजे नुसती चिमणी. उठल्यापासून चिवचिव. माहेरच्या गाईची गोष्ट सांगे, विहिरीत पडलेल्या घागरीची गोष्ट सांगे, एक संपली की दुसरी. मथुरा शेगडीपाशी बसली की वेणू समोर बसे, परात पुसून देई आणि बोलत राही. मथुरा वरवर म्हणे, "पुरे गं तुझी टकळी." पण वेणू पाण्याला गेली की तिलाच घर सुनं वाटे. ती उठून दारात जाई, रस्त्याकडे बघून परत येई.

पौष आला. वेणूची पहिली संक्रांत आली. मथुरेनं गावाचं सगळं काम बाजूला सारलं, आणि वेणूसाठी हलवा काढायला घेतला. असा काटा आजवर कधी आला नव्हता. ती हार ओवी, वेणूच्या गळ्याला लावून बघे, पुन्हा टोपलीत ठेवी. वेणू लाजे. म्हणे, "जाऊबाई, मी संक्रांतीला हे घालीन आणि गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालेन." मथुरा म्हणे, "चाल हो, मी मागून येईन."

भोगीचा दिवस आला. दुपारी दारात पालखी थांबली. राजवाड्यातली दासी उतरली. म्हणाली, "राणीसाहेबांच्या लेकीची पहिली संक्रांत आहे. उद्या सकाळी हलव्याचे दागिने हवेत. मथुराबाईंच्याच हातचे हवेत."

मथुरा म्हणाली, "उद्या कुठून आणू? हलव्याला दिवस लागतात. आधी का नाही सांगितलंत?"

दासीनं आत डोकावलं. कोपऱ्यात टोपली होती. "ते काय, तयार तर आहेत."

मथुरेनं टोपलीकडे पाहिलं, पालखीकडे पाहिलं, पुन्हा टोपलीकडे पाहिलं. मनात म्हणाली, वेणू काय, घरचीच आहे. मनात म्हणाली, वेणूला पुढल्या साली करू. मनात म्हणाली, वेणू समजून घेईल. तीनदा मनात म्हणाली, पण तिथं हाताच्या अंतरावर वेणू उभी होती, तिला एकदाही विचारलं नाही. टोपली उचलली, पालखीत ठेवली, आपणही बसून गेली. इथंच ती उतली. इथंच मातली. वसा काय होता? आधी घरच्याला, मग गावाला. तो तिनं पालखीत बसून टाकला.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. इकडे काय झालं? वेणूनं चंद्रकळा नेसली. बायका वाण घेऊन आल्या, नव्या सुनेला बघायला ओसरीवर बसल्या. पहिली म्हणाली, "हार कुठं गं?" वेणू म्हणाली, "व्हायचाय." दुसरी म्हणाली, "बाजूबंद कुठं?" वेणू म्हणाली, "येतोय." तिसरी म्हणाली, "थोरली जाऊ हलवेकरीण, आणि हिच्या कपाळाला एक दाणा नाही!" वेणू काळ्या लुगड्यात उघड्या गळ्यानं बसून राहिली. आजवर तिला गप्प बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मथुरा आली. राणीनं नेसायला रेशमी पाटाव दिला होता, सोन्याची साखळी दिली होती. मथुरेनं काय करावं? साखळी वेणूपुढं धरली. म्हणाली, "घे. हलव्याचं काय एवढं मोठं? संध्याकाळी पोरं तोडून खातात. हे सोनं आहे, हे राहील."

वेणूनं साखळी पाटावर ठेवली. म्हणाली, "जाऊबाई, मला राहणारं नको होतं."

तेवढंच. मग दुसऱ्या दिवसापासून बोलणं थांबलं. चूल वेगळी झाली. अंगणात भिंत उभी राहिली. माडी मथुरेकडे आली, वावर धाकट्याकडे गेलं. मथुरा म्हणाली, "मी थोरली आहे. ती धाकटी आहे. येईल तिची ती." वेणू काय म्हणाली ते भिंतीअलीकडे कळलं नाही. बायांनो, मोठेपणा वाईट नाही, पण तो घेऊन दारात बसलात तर बसूनच राहावं लागतं.

पुढल्या पौषात मथुरेनं शेगडी मांडली. तेच निखारे, तीच साखर, तेच तीळ. पण दाण्याला काटा येईना. दाणे गुळगुळीत, गोट्यांसारखे. तिनं पाक बदलला, काटा येईना. निखारे बदलले, काटा येईना. परात बदलली, तरी काटा येईना. राजवाड्याची दासी आली, दाणे बोटांत फिरवून म्हणाली, "हे काय हो? हे तर साखरफुटाणे वाटतात." पालखी गेली ती पुन्हा आली नाही. मग सुनांची बोलावणी बंद झाली. नवराही घरात टिकेना. भिंतीकडे बघवत नाही म्हणे. मिठाचे बैल घेऊन लांबलांबच्या बाजारांना जाऊ लागला. पाऊस लागला की यायचा, उघडला की जायचा. मथुरेची माडी मोठी, आणि माडीत ती एकटी.

वर्षं गेली. भिंतीपलीकडे पाळणा हलला. मग एका संक्रांतीनंतर तिकडे बोरन्हाण झालं. बाळाच्या डोक्यावरून बोरं ओतली, हलवा ओतला, पोरं वेचायला धावली, बायका हसल्या. मथुरा भिंतीला कान लावून बसली. बाळाला कुठलं झबलं घातलं असेल? काळंच असेल. हलवा बाजारातून आणला असेल. काटा बोथट असेल. एक बोर उसळून भिंतीवरून हिच्या अंगणात पडलं. तिनं ते उचललं. कोणी पोर मागायला येईल म्हणून हातात धरून उभी राहिली. कोणी आलं नाही.

आणखी वर्षं गेली. मथुरेचे केस पांढरे होऊ लागले. संक्रांत आली की ती वाटीत ते बिनकाट्याचे दाणे घेऊन उंबऱ्यावर बसे. गल्लीतून बायका जात. एक म्हणे, "मथुराबाई दारात बसल्यात, जायचं का?" दुसरी म्हणे, "त्यांना आपला गुळाचा खडा कसला रुचतो? त्या राणीच्या हलवेकरीण." त्या पुढं निघून जात. मग दिवस मावळे. मथुरा आपल्याच उजव्या हातानं आपल्याच डाव्या हातावर दाणे ठेवी. म्हणे, "मथुरे, तिळगूळ घे, गोड बोल." आणि मग काही बोलायचं सुचत नसे. दाणे तोंडात टाकी, आत जाई, दार लावी. फार वाईट दिवस ते. 

मग एका पौषात काय झालं? मथुरा पाण्याला गेली. विहिरीवर दोघी बोलत होत्या. "वेणू निघाली म्हणे." "कुठं?" "तिच्या माहेरगावी. वावर विकलं, तिकडे घेतलं. भोगीच्या सकाळी गाडी जुंपणार." "अगं, सणाच्या तोंडावर?" "ती म्हणाली, ह्या गल्लीत आणखी एक संक्रांत नको."

मथुरेची घागर विहिरीतच राहिली. ती घरी आली. आजवर भिंतीपलीकडे निदान आवाज होता. सकाळी जात्याचा, दुपारी धुण्याचा, संध्याकाळी मुलांना हाका मारल्याचा. त्या आवाजावर ती दिवस काढत होती. आता तोही जाणार. मग ह्या गल्लीच्या टोकाला उरणार कोण?

तिनं कोनाड्यातून परात काढली. मग साखरेला विचारलं, "साखरबाई, साखरबाई, काटा का येत नाही?" साखर म्हणाली, "मी तीच आहे. निखाऱ्यांना विचार." निखाऱ्यांना विचारलं, "निखारेदादा, काटा का येत नाही?" निखारे म्हणाले, "आम्ही तेच आहोत. थंडीला विचार." ती दार उघडून अंगणात गेली. थंडीला म्हणाली, "थंडीबाई, काटा का येत नाही?"

थंडी म्हणाली, "मी तर दरसाल येते. तुझ्या दारात माझ्याशिवाय दुसरं येतंय कोण? मला काय विचारतेस? परात फिरवतेस तेव्हा मनात कोण असतं, ते सांग."

मथुरा म्हणाली, "मनात राणी असते. मनात गाव असतं. पुन्हा पालखी येईल का, एवढंच असतं."

"आणि घरचं?"

मथुरा अंगणात मटकन खाली बसली. "घरचं माझं कोणी नाही," म्हणणार होती, तों भिंतीपलीकडे वेणूनं मुलाला हाक मारली. पुन्हा मारली. मग मथुरा उठली.

पहिल्या पहाटे शेगडी मांडली. निखाऱ्यांना वारा घातला नाही. चमचाभर पाक सोडला, बोटं फिरवली, म्हणाली, "हा वेणूच्या हाराला." दुसऱ्या पहाटे म्हणाली, "हा वेणूच्या बाजूबंदाला." तिसऱ्या पहाटे म्हणाली, "हा वेणूच्या बिंदीला." बोटांना फोड आले. आता वय झालं होतं, डोळ्यांनाही धुरानं पाणी येई. आणि उजाडताना परातीत बघते तों दाण्यादाण्यावर काटा. ह्या वेळी ती हसली नाही. म्हणाली, "काटा आला खरा, पण दार उघडलं नाही तर ह्या काट्याचं काय करू?"

तिनं दोरा घेतला. हार ओवला, बाजूबंद ओवले, बिंदी ओवली. टोपलीत ठेवून वर पांढरं फडकं घातलं. भोगीची सकाळ झाली. पलीकडे बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मथुरेला दाराबाहेर पाऊल टाकवेना. इतक्या वर्षांत तिनं भिंतीला वळसा घातला नव्हता. वळसा केवढा? अंगणातून अंगणात जावं तेवढा. पण पाय जड झाले.

गेली. दारात गाडी उभी. गाडीत पेट्या, कणग्या, जातं, पाळणा बांधलेला. दीर बैल जुंपत होता. त्यानं वहिनीला पाहिलं, जू हातातच राहिलं. मथुरा म्हणाली, "भाऊजी, वेणू आहे?" त्यानं आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

दार लोटलेलं होतं. मथुरेनं हाक मारली, "वेणू." उत्तर नाही. दुसऱ्यांदा हाक मारली, "वेणू गं." आत बांगड्या वाजल्या, थांबल्या. तिसऱ्यांदा हाक मारली.  मग दार उघडलं.

वेणू समोर उभी. ती चिमणी कुठली आता! तिच्याही कानामागं केस पांढरे झाले होते.  मथुरेनं येताना काय काय बोलायचं ठरवलं होतं. मी चुकले म्हणायचं होतं, मी थोरली असून लहान झाले म्हणायचं होतं. त्यातलं काही आठवेना. तिनं टोपलीवरचं फडकं काढलं, एवढंच.

वेणूनं पाहिलं. म्हणाली, "जाऊबाई, माझी पहिली संक्रांत होऊन गेली."

"गेली बाई. मी घालवली."

"आता हे घालून मी कुठं चालू?"

"नको चालू. नुसतं बघ. मग मोड, पोरांना वाटेत खायला दे. मी तुला थांब म्हणायला आले नाही. माझं देणं देऊन जायला आले." एवढं म्हणून मथुरेनं टोपली उंबऱ्यावर ठेवली आणि मागं फिरली.

वेणूनं वाकून हाराच्या टोकाचा एक दाणा तोडला. तोंडात टाकला. जिभेवर घोळवला. मग दारातूनच म्हणाली, "पाक जरा पुढं गेलाय."

मथुरा थांबली. इतक्या वर्षांत तिच्याशी कोणी गोड बोललं नव्हतं, कडू बोललं नव्हतं, तिच्या हलव्याला तोंडावर नाव ठेवायलासुद्धा कोणी उरलं नव्हतं. ती अंगणातच उभी राहून रडू लागली. म्हणाली, "गेला असेल गं. हल्ली दिसत नाही मला. कोणी सांगायला नाही, मग कळणार कसं?"

वेणू म्हणाली, "वाऱ्यात उभ्या काय राहिलात? आत या."

आत सामान सगळं बांधलेलं. बसायला पाटसुद्धा नाही. वेणू जमिनीवरच बसली आणि मान खाली घातली. मथुरेनं हार उचलला. बोटांना फोड, दोऱ्याची गाठ बसेना. एकदा सुटली, दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मग बाजूबंद बांधले. मग पांढऱ्या होत चाललेल्या केसांमधून बिंदी खाली सोडली. वेणूची पोरं दारात येऊन बघत राहिली. आईला असं नटलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेरून दिराचा आवाज आला, "अगं, निघायचं ना? ऊन चढलं."

वेणू बसल्या जागेवरून म्हणाली, "अहो, बैल सोडा. उद्या माझी पहिली संक्रांत आहे."

मग बैल सुटले. गाडी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी ती पिकल्या केसांची नवरी चंद्रकळा नेसून गल्लीभर चालली, आणि मागून मथुरा चालली. कोणी हसलं असेल तर हसू दे. पाऊस लागला तसा थोरला घरी आला, दोघा भावांनी मिळून तिकडचं वावर विकून इकडचं परत घेतलं, भिंतीला दार पाडलं. पुढल्या पौषात पुन्हा पालखी आली. दासी म्हणाली, "राणीसाहेबांना हलवा हवा." मथुरा म्हणाली, "देईन. आधी घरचा होऊ दे, तोवर बसा."

जशी मथुरेला संक्रांतबाई प्रसन्न झाली, तशी तुम्हांआम्हां होवो. ज्यांच्या दारात पाऊल वाजत नाही त्यांच्या दारात वाजो, ज्यांचा अबोला आहे त्यांचा सुटो. आणि तुमच्यातल्या जिला कोणाकडे जायचं असून पाय उचलत नाही, तिनं आजच जावं. उद्या गाडी जुंपलेली असते. साठां उत्तरांनी सांगायची ही कहाणी पांचां उत्तरांत सांगितली. ऐकणारीला फळो, सांगणारीला फळो, इथं संपूर्ण होवो.